दाजींची विडी

नाटे गावच्या भजनी मंडळात गुणाजी कीबोर्ड वाजवायचा. मुंबईहून भावाने पाठवलेल्या त्या वाद्याच्या तीन पट्ट्या महिन्यात तिसऱ्यांदा मुक्या झाल्या, तेव्हा त्याने शेजारी विडी ओढत बसलेल्या ढोलकीवाल्या चुलत्यांकडे, म्हणजे दाजींकडे, पाहिलं.

“दाजी, किती वेळा सांगू? धूर आत जातो.”

“ता खाऱ्या वाऱ्यानं झालाय. माझ्या ढोलकीला काय झालाय काय?”

गुणाजीने स्क्रू काढले, पट्ट्या उचलल्या आणि आतून पांढरं फडकं फिरवलं. ते पिवळं, चिकट होऊन निघालं. त्याने ते दाजींच्या नाकाशी धरलं.

“विडीच,” दाजी पुटपुटले आणि ढोलकी उचलून अंगणात जाऊन बसले. विडी तोंडातच होती.

अंगणातून ताल नीट ऐकू येईना. शेवटी गुणाजीच वैतागून कीबोर्ड दाराशी घेऊन बसला.