दाढीला पडदा

“दाढी करायला पडदा कशाला लागतो हो?”

“पेशंटला लाज वाटते, साहेब,” सलूनवाले काका म्हणाले आणि वॉर्डात शिरले.

स्टोअरकीपरला ते पटलं नाही. त्याने कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली होती. तिथे साधा पाना बाहेर न्यायचा तरी त्याची सही लागे. निवृत्तीनंतर तो या रुग्णालयात स्वयंसेवकांच्या टेबलावर बसू लागला, येणाऱ्यांना वॉर्ड दाखवू लागला. नजर मात्र तीच राहिली. बायको म्हणायची, “कुणी नमस्काराला हात जोडले तरी आत काय लपवलंय ते विचाराल तुम्ही.”

आणि हा माणूस! दुकान मुलाच्या हवाली करून तीन महिने रोज दोन बस बदलून येतो, अनोळखी आजाऱ्यांच्या फुकट दाढ्या करतो, चहासुद्धा घेत नाही. असं कोण करतं? स्टोअरकीपर जाता-येता त्यांची पिशवी तपासायचा. काही सापडत नव्हतं, म्हणून संशय आणखीच वाढला. कालच त्याने सिस्टरांना सांगितलं होतं, “उशीखाली घड्याळं, अंगठ्या असतात लोकांच्या. यांचा पास काढून घ्या.”

आज कोपऱ्यातल्या खाटेभोवती पडदा होता. आतून कुजबुज येत होती, “झालंच हं. आता हा गाल.”

तो दबकत गेला आणि त्याने पडदा सर्रकन ओढला.

खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या गालावर फेस होता. छाती हलत नव्हती.

“पहाटे गेले,” काका वर न बघता म्हणाले. “लेक निघालीय. काल रात्रीच दाखल झाले होते, महिनाभराची दाढी वाढलेली. तिला बाप ओळखू यायला हवा ना.”

“मग बोलताय कुणाशी?”

“सवय. गप्प राहून वस्तरा चालत नाही माझा.” ते थांबले. “सिस्टर बोलल्या मला. उद्यापासून नाही यायचो. एवढी मान धरा जरा, एकट्याला जमत नाही.”

स्टोअरकीपरने दोन्ही हातांनी ते डोकं धरलं. केवढं जड होतं.

काका सामान आवरून निघाले आणि तेवढ्यात लेक आली. बापाच्या गालावर तिने तळवा ठेवला, तो उचललाच नाही.

“कुणी केली दाढी?”

स्टोअरकीपर धावत जिन्यापाशी आला. काका खालच्या वळणावर पोचले होते. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण नाव कधी विचारलंच नव्हतं.

“अहो!”

जिन्यातल्या तीन-चार जणांनी वर पाहिलं. काकांनी नाही.