संताच्या गालावरचा ओरखडा

"हा ओरखडा रोमन भाल्याचा," चर्चच्या भिंतीवरच्या संताच्या चित्राकडे बोट करून बाबा सांगत होते. "आमच्या होम्स शहरातलाच वैद्य होता हा. गोरगरिबांना फुकट औषध द्यायचा. ख्रिस्ताला सोड म्हणाले, यानं सोडलं नाही. मारलाच. तरी राग जाईना, म्हणून चित्राच्याही गालावर वार केला बघा."

अलेप्पोहून आलेल्या बाई हळहळल्या. मी शेजारीच उभी होते. शाळेत इतिहास शिकवणारीला जे सुचायचं तेच सुचलं.

"बाबा, चित्र बाराव्या शतकातलं आहे. रोमन सैनिक जाऊन तोवर पाचशे वर्षं झाली होती."

बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "लेक शिकलेली आहे," ते बाईंना म्हणाले. "आणि आज बुधवार. बुधवारी होम्सकराचं बोलणं मनावर घेऊ नये."

होम्सची माणसं बुधवारी वेडी होतात, असे विनोद सगळा सीरिया करतो. बाबा ते स्वतःच आधी करून मोकळे व्हायचे.

तीस वर्षांपूर्वी चर्चच्या भिंतीचा जुना गिलावा उतरवताना हा चेहरा निघाला. उतरवणारा गवंडी म्हणजे बाबा, एवढं मला ठाऊक होतं. काम सुटल्यापासून ते रोज तिथे जाऊन बसत आणि येईल त्याला चित्र दाखवत. गिलावा आपण काढला, हे मात्र कुणाला सांगत नसत.

परतताना दुसऱ्या दिवशीच्या सणासाठी त्यांनी लाल-पांढरा हलवा घेतला. काळ्या दगडांच्या गल्लीत ते मध्येच थांबले.

"रोमन कधी गेले ते कळतं गं मला, लमिया. ती छिन्नी माझी होती."

"कुठली छिन्नी?"

"मुकादम मागे लागला होता. एक घाव खोल गेला, आणि आतून डोळा बघायला लागला माझ्याकडे. मग छिन्नी ठेवली. बाकीचा गिलावा नखांनी काढला. मुकादम मला लमियाचा बाप म्हणूनच हाक मारायचा. म्हणाला, 'अबू लमिया, असंच चाललं तर नातवाला बोलाव पुढच्या कामाला.'" ते हसले, मग हसू गेलं. "त्या संतानं किती सोसलं होतं. त्यात माझी भर. सांगू कुणाला?"

"जुनी गोष्ट आहे बाबा. चला, मला पेपर तपासायचेत," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी ते उठले नाहीत. हलव्याचा पुडा तसाच बांधलेला होता.

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चमधली प्रार्थना संपली. गेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाच्या वाट्या हातोहात फिरू लागल्या. दमास्कसहून आलेली माझी आतेबहीण मार्टा वाटी घेऊन चित्रापाशी आली.

"मामा आम्हाला लहानपणी उचलून दाखवायचे हा रोमनांचा वार," ती म्हणाली. "आणि दर वेळी भाला लांब होत जायचा."

"भाला नव्हता," मी म्हणाले. "बाबांची छिन्नी होती."

तिने चमचा वाटीत ठेवला. "अगं, हळू बोल. फादर ऐकतील."

"ऐकू देत. घाव एकच आहे, मार्टा. नीट बघ. दुसरा कुठेच नाही."

दोन-चार माणसं वळून पाहू लागली. मी ओरखड्याजवळ गेले. तो माझ्या करंगळीएवढाही नव्हता. त्याच्या वर डोळा अख्खा होता, पापणीच्या रेघेसकट.

"तुमचा हात थांबला, बाबा," मी म्हणाले. "म्हणून हा चेहरा आहे."