मैनेचं कुंकू

धायरीच्या सोनबाच्या ट्रकचं नाव मैना. तिचा ब्रेक असा कडक, की दाबला की गाडी जागच्या जागी उभी; सावली तेवढी चार हात पुढं जायची आणि चूक लक्षात आल्यावर परत यायची. खोटं वाटत असेल तर धायरीत कुणालाही विचारा. फक्त सोनबाच्या शेजाऱ्यांना विचारू नका.

अशी ही मैना नवले पुलाखालच्या तपासणीत दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा कारण एकच: मागचे दिवे दिसत नाहीत. सोनबाचा मुलगा सूरज आयटीत. त्यानं सरळ सांगून टाकलं, "आबा, सोमवारी लास्ट चान्स. पुन्हा फेल झाली की गाडी विकायची आणि तुम्ही घरी बसायचं. फायनल."

घरी बसणं सोनबाला जमणारं नव्हतं. तीस वर्षं खडी वाहिलेला माणूस तो. सोफ्यावर टेकला तरी डावा पाय क्लच शोधायचा.

मग त्याच्या बायकोनं, सरुबाईनं, रविवारी सकाळी तालीम घ्यायची ठरवली. सूरजचा जुना खाकी रेनकोट चढवला, हातात लाटणं घेतलं आणि अंगणात ट्रकपुढं उभी राहिली.

"गाडी बाजूला घ्या! कागदं दावा!"

खाकी दिसली की सोनबाची जीभ टाळ्याला चिकटायची. आताही चिकटली.

"अहो, मी हाय!"

"ठावं हाय. म्हणून तर जास्त भ्या वाटतंय."

लायसन, विमा, फिटनेस, पीयूसी. कोणता कागद कुठल्या खिशात, ते तिनं पाठ करून घेतलं. लाटण्यानं सहाही टायर वाजवले. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्यांऐवजी तंबाखूची पुडी सापडली, ती जागेवर जप्त झाली. मग ती मागं गेली.

"दाबा ब्रेक!"

"दाबला!"

"दाबा म्हणते न्हवं!"

"अगं, दाबलाय की! आता पाय जमिनीत रुतंल."

दिवा काही दिसेना. सूरजनं तर दोनदा बल्ब बदलले होते. सरुबाईनं काचेवर नख ओढलं, तर नखाखाली लाल वडीच निघाली. कुंकू! बारा वर्षं दर अमावस्येला तीच मैनेची पूजा करायची आणि मागच्या दोन्ही दिव्यांना तेलात कालवलेलं कुंकू लावायची. थरावर थर असे बसले होते, की त्यात विहीर खणता आली असती.

ती खिडकीपाशी आली. "तुम्हाला ठावं होतं?"

सोनबा स्टेअरिंगकडं बघत राहिला. "व्हय."

"मग पुसलं का न्हाई?"

"तू लावलेलं कुंकू मी कसं पुसू गं? गाडी गेली तर गेली."

सरुबाई नाक ओढून म्हणाली, "खुळंच हाय माझं माणूस! पुसायचं कोण म्हणतंय? जागा बदलायची."

तिनं करंडा आणला. आधी पुढच्या काचेच्या वर, मैनेच्या कपाळावर, ठसठशीत कुंकू लावलं. मग डिझेलचा बोळा घेऊन मागचे दिवे स्वतःच्या हातानं घासून काढले.

सोमवारी भर दुपारी पुलाखाली तपासणीच्या मॅडमनी हात केला. खाकी बघून सोनबाला घाम फुटला, पण बायकोपुढं दिलेली परीक्षा याहून अवघड होती. एकामागून एक कागद बिनचूक पुढं झाले.

"ब्रेक दाबा," मॅडम मागून म्हणाल्या.

त्यानं दाबला. बारा वर्षं कोंडलेला लाल उजेड असा फाकला, की मागची सगळी वाहनं गपकन थांबली. पुण्यात वाहतूक आपण होऊन थांबलेली बघून मॅडमच हडबडल्या. "पुरे, पुरे! पाय काढा," म्हणाल्या आणि घाईघाईनं 'पास' लिहून सही केली.

मागं दुचाकीवर आलेला सूरज डोळे चोळत खिडकीशी आला. "आबा, विकायचं कॅन्सल. पण ब्रेक जरा बेतानं दाबा. पार वारज्यापर्यंत लोक थांबलेत."

"ते ऱ्हाऊ दे," सोनबा म्हणाला, "आधी घरी आयला फोन लाव. सकाळधरनं दारात उभी असंल."