ब्रेद्रन म्हणजे कोण

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत त्या महिन्यात 'बी' अक्षराचं काम चाललं होतं. शब्द आपापसांत वाटून घेतले गेले आणि 'ब्रेद्रन' नेमका तिच्या वाट्याला आला. चहाच्या आत हातावेगळा करू, असं तिने ठरवलं. ब्रदर या शब्दाचं जुनं अनेकवचन. ब्रदर्स हे नियमाने झालेलं. हे मात्र चिल्ड्रन आणि ऑक्सन यांच्या गोतावळ्यातलं, शेवटी 'न' घेऊन बसलेलं. प्रतिशब्द: भाऊ, बंधू, बांधव, बंधुजन. एवढं लिहून तिने कागद संपादकांच्या टेबलावर ठेवला.

चहा पिऊन येते तर कागद तिच्या खुर्चीवर हजर. समासात लाल शाईने लिहिलेलं: 'वापर? सख्ख्या भावांना चालतो का? जिवंत उदाहरण हवं.'

"बांधव जिवंत फक्त निवडणुकीत असतात," शेजारचा टायपिस्ट मान वाकडी करून वाचत म्हणाला. "मत पडलं की नातं संपलं."

ती हसली, पण 'सख्ख्या' या शब्दापाशी तिची नजर अडकली ती अडकलीच. कागद घेऊन ती संपादकांच्या खोलीत गेली. शब्दाचा कीस काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"एका आईच्या मुलांना पूर्वी म्हणायचे, बाई," ते म्हणाले. "आता नाही. आता एका पंथाचे, एका धंद्याचे, एका संघटनेचे लोक. पण हे झालं पुस्तकातलं. रोजच्या बोलण्यात कोण म्हणतं? तुमच्या माहितीत आहे कोणी?"

"आहे एक," ती म्हणाली आणि तिलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

तो एक म्हणजे तिचा दादा. गिरणीत फिटर होता. चांगली नोकरी, चांगले मित्र, लग्नाची बोलणीही चालू होती. आणि एक दिवस जेवताना त्याने सांगितलं की डोंगरावर एक ख्रिस्ती मठ आहे, तिथले बंधू पाव भाजून विकतात आणि ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना सांभाळतात. मी तिकडे चाललो. कोणी त्याला अडवलं नाही. वडील गेले तेव्हा तो दुपारपुरता आला, बरोबर त्याच्यासारख्याच करड्या झग्यातले दोघे. शेजारीपाजारी त्या तिघांचंही सारखंच सांत्वन करत राहिले. ते पाहून तिच्या मनातलं काहीतरी मिटलं आणि तिने मठात जाणं सोडलं. तरी जिन्यात कोणी शीळ घातली की अजून तिचा हात आपसूक कडीकडे जायचा. दादा घरी येताना शीळ घालत यायचा.

रविवारी सकाळी तिने पर्स उचलली.

"ऑफिसचं काम आहे. दादाकडे जाते," ती म्हणाली.

आईने चष्मा कपाळावर सरकवला. "ऑफिसचं काम? त्याच्याकडे?"

"एका शब्दाचं आहे."

आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, "मग नीट विचारून ये."

बसने तिला चढाच्या पायथ्याशी सोडलं. मठाच्या फाटकावर एक म्हातारे बंधू स्टुलावर बसून वाटाणे सोलत होते.

"मला बंधूंना भेटायचंय."

"कोणत्या? इथे दगड मारला तरी बंधूलाच लागेल," म्हातारबुवा खुशीत म्हणाले.

"माझ्या," ती म्हणाली.

त्यांचे हात थांबले. तिचा चेहरा त्यांनी नीट न्याहाळला. "नाक सांगतंय," ते म्हणाले आणि भट्टीकडे बोट दाखवलं.

भट्टीघरात आगीची धग होती आणि आंबलेल्या पिठाचा वास. लाकडी फळीवर पिठाचे गोळे ओळीने फुगत होते. दादा पाठमोरा उभा राहून लांब दांड्याच्या फावड्याने पाव बाहेर ओढत होता. तो सुटला होता. मानेवर केस पिकले होते. ते कधी पिकायला लागले, हे तिला ठाऊक नव्हतं.

"दादा."

तो वळला. फावडं भिंतीला टेकवायलाही त्याला सुचेना. "टिटवी?" लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी कामासाठी आलेय."

तिने त्याला शब्द सांगितला. तो हात पुसत हसायला लागला, तेच जुनं, खांदे हलवणारं हसू. "यासाठी दोन बस बदलून आलीस?"

"उदाहरण हवंय. जिवंत."

"आमची प्रार्थना इंग्रजीत असते, तिच्यात येतो तो शब्द. बोलताना कोण म्हणतंय! एकमेकांना आम्ही ब्रदरच म्हणतो. फक्त आमचे वडीलधारे चिडले की म्हणतात, 'ब्रेद्रन, न्हाणीघरातला दिवा कोणी चालू ठेवला?' तो शब्द ऐकला की सगळे माना खाली घालतात."

ती हसली. हसता हसताच तिने विचारलं, "आणि मी? माझ्याबद्दल बोलताना काय म्हणतोस?"

दादाने एक पाव उचलला, बुडाला टिचकी मारून आवाज ऐकला, परत ठेवला.

"सिस्टर म्हटलं तर इथे सगळ्यांना दवाखान्यातल्या नर्सबाई वाटतात. म्हणून 'घरची' म्हणतो. घरची कोशात काम करते. घरचीला चहात आलं लागतं." तो थांबला. "बाबांच्या वेळी तू माझ्याशी बोलली नाहीस."

"तू एकटा कुठे होतास? कोणाशी बोलायचं ते कळेना."

"एकटा आलो असतो तर परत गेलो नसतो. म्हणून त्यांनाच म्हटलं, चला बरोबर."

हे तिला कधीच सुचलं नव्हतं. ती पिठाने माखलेल्या बाकावर तशीच बसली. दादाही शेजारी बसला. गार होणाऱ्या पावांची कवचं बारीक तडतडत होती.

"येशील का एकदा?" तिने विचारलं. "आईचे गुडघे गेलेत. तिला हा चढ व्हायचा नाही."

"परवानगी मागतो." मग झग्यावरचं पीठ झटकत, "राहायला नाही येता येणार, टिटवे."

"माहितेय."

घंटा झाली. ठिकठिकाणाहून करडे झगे अंगणात आले. दादाने एक गरम पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि तोही त्यांच्यात जाऊन मिळाला. पाठमोऱ्या रांगेत तो कुठला, हे तिला थोडा वेळ ओळखू येत होतं. मग नाही.

घरी आईने पाव हातात घेतला, नाकाशी धरला.

"बारीक झालाय का?"

"चांगला जाडा झालाय."

आई हसली. मग तिने विचारलं, "तिथे खूप जण असतात का गं?"

"खूप."

"असू देत," आई म्हणाली आणि बराच वेळ पावाला सुरी लावली नाही.

सोमवारी तिने लिहिलं: जुना, औपचारिक, एका पंथातील वा संघटनेतील बांधव, सख्ख्या भावांसाठी आता वापरत नाहीत. उदाहरण म्हणून न्हाणीघरातल्या दिव्याचं वाक्य दिलं. संपादकांनी ते दोनदा वाचलं, मनापासून हसले आणि सही केली.

परवानगी अजून आलेली नाही. आईने मात्र बाहेरच्या खोलीतली आपली कॉट खिडकीखाली हलवून घेतली. तिथून रस्ता वळणापर्यंत दिसतो.