हौदावरची हार

माल्ट्यातल्या त्या गावात, झऱ्याखालच्या दगडी हौदावर बायका धुणी धुवायला जमत आणि भांडत. पण भांडण गाण्यातच व्हायचं. एकीने चार ओळींचं कडवं टाकलं की दुसरीने यमकासह चार ओळींत परत करायचं. जी आधी साधं बोलली ती हरली. आणि हौदावर हरलेली बाजू गावात खोटी ठरायची.

चेन्साला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. सात शेळ्या घेऊन ती रोज सकाळी दारोदारी जाई, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. दूध उकळावं, असं कोणी सुचवणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला घाणेरडी म्हणणं. सरकारी डॉक्टर गेली काही वर्षं तेच सांगत होता. शेळ्यांच्या दुधातून ताप येतो म्हणे. गाव त्याला हसे.

चेन्साही हसे. पण यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिच्या सुलताना शेळीने दिवस भरण्याआधीच मेलेलं पिल्लू टाकलं, मग आणखी एकीने. आणि तीन आठवडे तिची मुलगी जिल्याना अंथरुणात होती. ताप संध्याकाळी चढे, पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरे. "विहिरीवर पडली, कंबर दुखावली," असं चेन्साने शेजारी सांगितलं होतं.

त्या सोमवारी शेळ्यांसह धुणं घेऊन ती हौदावर आली तेव्हा बेकरीवाल्या ग्रेत्स्याने कपडा आपटणं थांबवलं. शेजारी तिची सून रोझार्या बसली होती, सातवा महिना लागलेली. ग्रेत्स्या गळा साफ करून गाऊ लागली:

"सात शेळ्यांची राणी आली
हातात घेऊन माप;
दूध देते दारात, आणि
घरात सोडते ताप."

हशा पिकला नाही. सगळ्या चेन्साकडे बघू लागल्या. उत्तर दिलं नाही तर उद्या एक दार उघडणार नाही, हे तिला कळत होतं. तिने पिळा खाली ठेवला.

"पॉल संताने बेटावरच्या
सापांचं विष काढलं;
ठेवायला भांडं नव्हतं,
ग्रेत्स्याने तोंड उघडलं."

हौद हसून हसून हलला. एक जण तर साबणावरून घसरली. ग्रेत्स्याने दुसरं कडवं सुरू केलं, दोन ओळी जमल्या, तिसरी अडखळली, आणि तिचा संयम सुटला.

"अगं भवाने, तुझी पोरगी का दिसत नाही ते सांग ना!"

"बोलली!" बायका ओरडल्या. "साधं बोलली, हरली!"

सगळ्यांत म्हाताऱ्या नन्ना मनान्नीने काठी आपटली. "हरलीस ग्रेत्स्या. आता तिच्या शेळीचं दूध इथेच प्यायचं, म्हणजे तोंड धुतलं जाईल."

"मी कशाला पिऊ? मला करपट ढेकर येतात," ग्रेत्स्या दातओठ खात म्हणाली. "ही माझी सून पिईल. हिला गरज आहे. काढ गं धार, शेळीवाले. चांगली भरून दे, कंजूषपणा नको."

चेन्साने सुलतानाला पुढे ओढलं. जिंकल्याची ऊब अजून अंगात होती. कोणीतरी पुढे केलेल्या कपात फेस चढला. रोझार्याने दोन्ही हातांनी कप घेतला, एक हात पोटाशी नेऊन पुन्हा कपाला लावला, आणि ओठांकडे नेला.

"उकळून घे," चेन्सा म्हणाली.

कोणाला आधी कळलंच नाही.

"काय म्हणालीस?" ग्रेत्स्या हळूच म्हणाली.

"उकळून घे म्हटलं. पोरगी विहिरीवर पडली नाही. तापाने पडली आहे. शेळ्यांनीही मेलेली पिल्लं टाकली, ती मी गुपचूप पुरली."

रोझार्याच्या हातून कप ग्रेत्स्याने हिसकावला आणि चेन्साच्या पायांवर ओतला. "ऐकलंत ना? आता कोणाच्या तोंडात विष होतं? मेलेली पिल्लं पुरून आमच्या पोरांना पाजत होतीस?"

नन्ना मनान्नीने काठी उचलली आणि चेन्साकडे पाठ फिरवून बसली. बाकीच्यांनी आपापले पिळे तिच्यापासून दूर सरकवले. कोणीतरी म्हणालं, "माझ्या नातवाला महिनाभर ताप आहे." मग दुसरी म्हणाली. मग तिघी एकदम.

दुसऱ्या सकाळी चेन्सा शेळ्या घेऊन निघाली. एका दारातून भांडं पुढे आलं नाही, दुसऱ्यातून शिवी आली, तिसऱ्यातून खरकटं पाणी. दुधाने तटतटलेल्या शेळ्या ओरडत होत्या. बेकरीच्या वरच्या खिडकीतून ग्रेत्स्या वाकली.

"काय गं, आज गाणं नाही?"

"सुनेला ताप आला तर लपवू नकोस," चेन्सा वर बघून म्हणाली. "मी लपवला. डॉक्टरकडे ने."

"तुझ्या सल्ल्याची भीक नको मला!"

खिडकीची झडप धाडकन बंद झाली. चेन्साने पुढचं दार ठोठावलं. दूध विकायला नव्हे. उकळा, एवढंच सांगायला. दार उघडलं नाही. तिने ते बंद दाराला सांगितलं, आणि पुढच्या दाराकडे गेली.