हिरवी टाकी

"बाबा, तिकडे नको, या बाकावर बसा. इथून समुद्र किती छान दिसतो!" वर्दियाने वडिलांना धरून बसवलंच.

मोक्रान पंप-मेकॅनिक. अल्जियर्समधल्या बेलकूरच्या निम्म्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या त्याने बसवलेल्या, त्याही समुद्राकडे पाठ करून. ब्लीदा शहरातून ईदलासुद्धा घाईघाईने येऊन जाणारी लेक आज रजा काढून त्याला केबल कारने टेकडीवरच्या बागेत घेऊन आली होती. म्हातारा हरखून गेला होता.

पावात भरलेली हरभऱ्याच्या पिठाची गरमागरम गरंतिता त्याने चावली. "हरिसा केवढा घातलास! परवा फोनवर तूच ओरडत होतीस ना, तिखट बंद म्हणून?"

"असू दे हो आजच्या दिवस."

गुडघा आखडला म्हणून तो उठला आणि पलीकडच्या कठड्याशी गेला.

"बाबा, तिकडे काय बघायचंय? नुसत्या गच्च्या!"

"माझ्याच आहेत त्या."

शेकडो पांढऱ्या गच्च्या, शेकडो निळ्या टाक्या आणि एकच हिरवी. तो रंग त्याच्या बायकोने निवडला होता. म्हणायची, कुठूनही आपलं घर ओळखू येईल. मोक्रानला जवळचं दिसत नसे, लांबचं लख्ख दिसे. हिरव्या टाकीला दोघे जण दोर बांधत होते. एकाच्या डोक्यावर लाल टोपी होती, मोक्रानच्या मुलाची, मेझियानची. खाली गल्लीत ट्रक उभा होता आणि त्यात त्याचं पिवळं कपाट.

"पेन्शनच्या कामाला म्हणून सही घेतलीस ना गं माझी?"

वर्दियाला रडू फुटलं. "घर विकलं, बाबा. मेझियान म्हणाला, तुम्ही समोर असलात तर सोडणार नाही. तुम्ही माझ्याकडे राहायचं आता, मुलांच्या खोलीत."

"म्हणजे मला फिरायला नव्हतं आणलंस."

घरापेक्षा त्याला हेच जास्त लागलं.

"फोन लाव त्याला."

"भांडू नका ना, बाबा."

त्याने फोन कानाला लावला. "मेझियान, टाकी इतक्यात सोडवू नकोस. मागच्या भिंतीला चावी आहे, ती आधी बंद कर. नाहीतर सगळं पाणी जिन्यावरून खालच्या विधवेच्या घरात शिरेल. उजवीकडे फिरव. हळू, जुनी आहे."

दूरवर लाल टोपी थांबली, टेकडीकडे वळली. मोक्रानने हात केला नाही. फोन लेकीला परत दिला आणि तिने दाखवलेल्या बाकावर, समुद्राकडे तोंड करून, तो बसून राहिला.