दोन बोटांनी उघडणारा अडसर

"दोन बोटांनी उघडत नसेल, तर पुढचा दाखवा," मी म्हणालो.

गिऱ्हाईक वेडं आहे की पोचलेलं, हे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला ठरवता येईना. "अहो, घोड्याचा ट्रेलर आहे हा. लोक टायर बघतात, तळाच्या फळ्या बघतात. तुम्ही आल्यापासून नुसत्या खिट्ट्या ओढताय."

टायरमधलं मला काय कळतंय? मी शिंपी. बायको घोडेस्वारी शिकवायची आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या विजारी उसवल्या की मी शिवायचो, असा आमचा संसार. घोड्यांपासून मी कायम चार हात लांब राहिलो. तिच्या म्हाताऱ्या घोडीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. मी दिसलो की बाईसाहेब कान मागे टाकतात. त्यांनाही माझ्याबद्दल फारसा आदर नाही.

पण बायकोचे हात मला पाठ होते. गेल्या वर्षी तिच्या बोटांतली ताकद जायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि उपाय विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. तिला शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा मी बटणं काढून हूक लावले. हूक जमेनात, तेव्हा चिकटपट्टी लावली. आता उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट तेवढं तिचं ऐकत होतं. बाईसाहेबांना खुरांच्या दुखण्यासाठी दवाखान्यात न्यावं लागतं, आणि घरच्या ट्रेलरची खिट्टी हातोडीशिवाय हलत नाही. तिला तिची घोडी अजून काही दिवस तरी स्वतःच्या हाताने नेता यावी, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप चालला होता.

तिसरा ट्रेलर रंगाने पार उतरलेला होता. आत घोड्याच्या छातीपुढे एक अडसर आणि मागे एक. मी व्यापाऱ्याला मागच्या अडसरावर रेलायला सांगितलं. जनावर भार टाकून उभं असलं तरी खिट्टी सुटायला हवी, हे बायकोकडून ऐकून ऐकून मला माहीत होतं. मी दोन बोटांनी खिट्टी उचलली, आणि व्यापारी उतरत्या फळीवरून धडपडत थेट अंगणात आला.

"हाच," मी म्हणालो.

बायको आमच्या गाडीत बसली होती. काठी टेकत, माझ्या खांद्याला धरून ती आली. "बघ, दोन बोटांचं काम आहे. उचलून बघ ना," मी म्हणालो.

तिने खिट्टीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. काठी माझ्याकडे दिली आणि कडेला धरत फळी चढून ती आत जाऊन उभी राहिली, छातीच्या अडसरावर रेलून.

"मास्तर, मागचा अडसर लावा."

"अगं, तू लाव ना."

"मी घोडी आहे. घोडी स्वतः अडसर लावते का?"

व्यापारी हसला, मीही हसलो. अडसर लावला. मग तिच्या सांगण्यावरून बाजूच्या छोट्या दारातून आत वाकून तिच्या मनगटाला सैलसर दोर गुंडाळला आणि त्याचं टोक कडीला बांधलं.

"पोचलो दवाखान्यात. उतरवा मला."

मी मागे गेलो आणि अडसर सोडला.

"मेली घोडी," ती शांतपणे म्हणाली. "मागे मोकळं वाटलं की ती मागे सरणार. तोंड बांधलेलं. मग हिसके देणार, बिथरणार, पाय मोडून घेणार. उतरवताना आधी दोर, मग मागचा अडसर. चढवताना आधी अडसर, मग दोर. परत करा."

उसवायचं तर कुठूनही सुरुवात केली तरी चालतं, ही माझी जन्माची सवय. दुसऱ्यांदाही मी चुकलो. व्यापारी कधी बाजूला निघून गेला, मला कळलंही नाही.

"वाकताना पाठ दुखते का?" मी परत मागचा अडसर लावत होतो, तेव्हा तिने विचारलं.

"नाही."

"दुखते. मला माहितेय. पण हा अडसर बरा आहे, फार वाकावं लागत नाही तुम्हाला."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी तिच्या बोटांसाठी ट्रेलर शोधत होतो, आणि ती माझ्या पाठीसाठी. ती नसेल तेव्हासाठी.

"आपण दोघं नेऊ तिला," मी म्हणालो.

"नेऊ की. जमेल तितके दिवस नेऊ." तिचं तोंड पुढे होतं, मला दिसत नव्हतं. "पण नंतर तिला कुणाला देऊन टाकू नका, मास्तर. म्हाताऱ्या घोडीला कुणी धड ठेवत नाही. तुमच्यावर कान टाकेल, टाकू दे. पण तुम्हीच न्या."

"बरं," मी म्हणालो.

"मग उतरवा मला."

मला मुद्दाम चुकावंसं वाटलं. चुकत राहिलो असतो तर तिला शिकवत राहावं लागलं असतं. पण हात मेले शहाणे. मी छोट्या दारातून दोर सोडला, मागे आलो, खिट्टी उचलली, अडसर खाली केला.

"आता पाठीवर हात ठेवा. घोडीला मागचं दिसत नाही, तिला हाताने सांगावं लागतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माप घ्यायची गरजच नव्हती, शर्ट दोन बोटं सैल झाला होता. एकेक पाऊल मागे टाकत ती फळीवरून खाली आली आणि तशीच, माझ्याकडे पाठ करून थांबली.

"आणखी एकदा करू," मी म्हणालो.

"कशाला? जमलं की तुम्हाला."

व्यापारी हात पुसत आला. "मग, ठरलं का?"

"ठरलं," ती म्हणाली.

मी मात्र तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.